जखमेवरचा हात काढायच्या आधी दुसरा हात द्या : पोलिसांना खुलं पत्र

नमस्कार,

हे पत्र घटनास्थळाचा ताबा घेणाऱ्या प्रत्येक पोलिसाला आहे. वरच्या साहेबांना आणि मॅडमना तर आहेच, पण गाडीतून सगळ्यात आधी उतरून "चला बाजूला, बाजूला व्हा" म्हणणाऱ्या हवालदारालाही आहे, किंबहुना त्यालाच जास्त आहे, कारण पहिल्या पाच मिनिटांत काय होणार ते तोच ठरवतो.

खुलं पत्र लिहायची वेळ का आली ते आधी सांगते. मी एक तक्रार केली होती, रीतसर, लेखी, तारीख वेळ सगळं घालून. तिला दीड ओळीचं उत्तर आलं. "घटनास्थळ सुरक्षित ठेवण्याच्या दृष्टीने संबंधित कर्मचाऱ्याने योग्य ती कार्यवाही केली असून सदर प्रकरण निकाली काढण्यात येत आहे." बास. मी चार पानं लिहिली होती. त्यात मला कोणाला शिक्षा व्हायला नकोच होती, एकच प्रश्न होता, आणि तो तसाच राहिला, म्हणून आता सगळ्यांसमोर विचारते.

मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. ऑफिसमध्ये दोन दिवसांचं प्रथमोपचाराचं ट्रेनिंग झालं होतं, नंतर ते मी स्वतःहून दोनदा परत केलं कारण पहिल्या वेळचं अर्धं विसरले होते (सगळेच विसरतात, म्हणून तर रिफ्रेशर असतो). तर त्या दिवशी माझ्यापुढे वीस पावलांवर एक बाईकवाला पडला. मांडीला खोल जखम, रक्त उसळून उसळून येत होतं, लालभडक. मी ऍम्ब्युलन्सला फोन लावला, स्पीकरवर टाकला, स्कार्फची घडी केली आणि दोन्ही तळहातांनी अंगाचा सगळा भार देऊन दाबून बसले. तो शुद्धीवर होता. नाव सांगितलं, फोन कुठे पडलाय विचारलं, घरी कळवू नका आई घाबरेल म्हणाला. मिनिटभर तसंच धरल्यावर रक्त कमी झालंय हे हाताला कळलं, ते कळतं, कापड गरम व्हायचं थांबतं.

मग तुम्ही आलात. दोघं होतात. आणि खरं ते सांगायलाच हवं, तुमच्यातल्या एकाने मिनिटभरात ट्रॅफिक अडवलं, ते अडवलं नसतं तर मागून येणाऱ्या गाडीने आम्हा दोघांनाही उडवलं असतं, त्याबद्दल आजही मनापासून आभार. दुसऱ्याने माझं कोपर धरलं.

"डॉक्टर आहात का?"

"नाही, पण..."

त्या "पण"च्या पुढे मला बोलताच आलं नाही. कोपर वर गेलं तसा हातही वर गेला. "पुरावा हलवू नका, बाजूला व्हा." दोरी बांधली गेली, मी दोरीच्या बाहेर, तो आत. त्यानंतर ऍम्ब्युलन्स येईपर्यंत आठ मिनिटं गेली, हे मी अंदाजाने सांगत नाहीये, फोन चालूच होता, कॉलची वेळ स्क्रीनवर दिसत होती. त्या आठ मिनिटांत त्या जखमेवर कोणाचाही हात नव्हता. तुमचा नव्हता, माझा तुम्ही ठेवू दिला नाहीत. तो काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं, मग त्याने विचारणं बंद केलं. ऍम्ब्युलन्समधला माणूस उतरला आणि त्याने पहिली गोष्ट काय केली तर तीच, जाड गॉज घेऊन दोन्ही हातांनी दाबलं.

त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. कोणी सांगत नाही, आणि मी त्याची कोणी लागत नाही त्यामुळे विचारायचा हक्कही नाही. तो वाचला असेल तरी माझा प्रश्न तोच राहतो.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी : तुम्ही मला थांबवलंत, पण माझी जागा घेतली नाहीत. मोठी रक्तवाहिनी फाटली की माणूस पाच मिनिटांच्या आतही जाऊ शकतो. हृदय बंद पडलं असेल तर सीपीआर (छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं) आणि विजेच्या शॉकशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, आणि मेंदूला ४ ते ६ मिनिटांत इजा व्हायला लागते. हे आकडे कुठल्याही प्रथमोपचाराच्या वर्गात पहिल्या तासाला सांगतात. म्हणजे तुम्ही पोचल्यापासून ऍम्ब्युलन्स पोचेपर्यंत जी मिनिटं असतात ती "वाट बघायची" मिनिटं नाहीतच, जे काही व्हायचं ते त्यातच होतं. दोरी बांधून झाली, गर्दी हटली, फोटो काढले गेले, सगळं शिस्तीत, आणि मधोमध माणूस रक्त गमावतोय. घटनास्थळ सुरक्षित होतं हो. पण कोणासाठी?

दुसरी : तुम्ही मला एक शब्दही विचारला नाहीत. माझ्याकडे माहिती होती. किती वाजता पडला, किती वेळ दाब दिला, शुद्धीवर होता की नाही, नाव काय सांगितलं, डोकं आपटलं का, मानेत दुखतंय म्हणाला का. ऍम्ब्युलन्सवाल्याला हेच सगळं हवं होतं, तो तुम्हाला विचारत होता आणि तुम्ही खांदे उडवत होतात, मी दोरीबाहेरून ओरडून सांगत होते आणि मला परत "शांत रहा" सांगितलं गेलं. डॉक्टर नसले तरी सगळ्यात आधी पोचलेली साक्षीदार तर होते ना?

तिसरी छोटी आहे पण मनात राहिलीये. फोन वर धरून शूटिंग करणारे सातआठ जण होते. त्यांना माझ्यानंतर हटवलं. मी गुडघ्यावर बसलेली होते म्हणून पटकन हाताला लागले बहुतेक, ते उभे होते.

चौथी : त्यानंतर माझ्याकडे बघायची पद्धत. हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले, आणि पहिला प्रश्न "तुमच्याच गाडीने उडवलं का?" मी पायी होते! नाव, पत्ता, नंबर तीन वेगवेगळ्या लोकांनी तीनदा घेतला. हात धुवायला पाणी मात्र कोणी विचारलं नाही. परक्या माणसाचं रक्त अंगावर आलं तर साबणपाण्याने लगेच धुवायचं असतं, आणि कापलेल्या जागी किंवा डोळ्यात गेलं असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवायचं असतं, एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं द्यायची ठरली तर ती ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. माझ्या बोटाला आधीचं कापलेलं होतं. मला हे वर्गात शिकवलेलं होतं म्हणून मी गेले. ज्याला माहीत नाही तो घरी जाऊन नुसते कपडे भिजत घालेल.

आता तुमची बाजू, कारण ती मला दिसते. गर्दीत मदतीच्या नावाखाली पाकीट मारणारे असतात. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतणारे असतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय, पाणी श्वासनलिकेत जाऊन माणूस गुदमरू शकतो. हेल्मेट खसकन ओढणारे असतात. मान दुखतेय म्हणून ओरडणाऱ्याला हातपाय धरून उचलून गाडीत कोंबणारे असतात, मन चांगलं पण मणका गेला. त्यांना तुम्ही थांबवलंच पाहिजे, जोरात थांबवा, मी टाळ्या वाजवेन. आणि गोळीबार चालू असेल, गॅस गळत असेल, विजेची तार पडली असेल, पेट्रोल सांडलेलं असेल तर तुम्ही मागे म्हणालात की मी एका शब्दाने वाद न घालता मागे जाईन. वर्गात पहिला धडाच तो असतो, आधी स्वतःची सुरक्षितता, एकाचे दोन जखमी करायचे नाहीत. माझं भांडण दोरीशी नाहीये. धोका नसताना, नीट चाललेलं काम, केवळ करणाऱ्याकडे युनिफॉर्म नाही म्हणून थांबवण्याशी आहे. आणि फरक ओळखायला डॉक्टर लागत नाही, दहा सेकंद हातांकडे बघा. हात एका जागी घट्ट आहेत की इकडेतिकडे चाचपडतायत? सीपीआर देणारा छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० च्या लयीत दाबतोय की नुसते गालावर चापट्या मारतोय? कळतं हो.

हे फक्त माझ्या एकटीच्या रस्त्यावर झालंय असं समजू नका. २० एप्रिल १९९९ ला अमेरिकेत कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, डेव्ह सँडर्स नावाच्या शिक्षकांना गोळ्या लागल्या, विद्यार्थ्यांनी स्वतःचे शर्ट काढून त्यांच्या जखमा दाबून धरल्या आणि खिडकीत पाटी लावली, इथे एक जण रक्तस्रावाने मरतोय म्हणून. बाहेर पोलिसांचा वेढा होता, आत खोली खोली तपासत यायला तीन तासांच्या वर लागले. सर गेले. हल्लेखोर त्याच्या खूप आधीच मेलेले होते. त्यानंतर तिथल्या पोलिसांनी, वेढा घालून खास पथकाची वाट बघायची ही जुनी पद्धत बदलली, पहिले पोचतील त्यांनी आत शिरायचं ठरलं. म्हणजे पद्धत बदलता येते. फक्त दर वेळी कोणीतरी जावं लागतं का त्यासाठी, हे मला कळत नाही.

१५ एप्रिल २०१३, अमेरिकेतच बोस्टन मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट. अडीचशेहून जास्त जखमी, कित्येकांचे पाय गेलेले. तिथे बघायला आलेले लोक, स्वयंसेवक, पोलीस सगळे एकत्र जखमींवर वाकलेले होते, जे हाताला लागेल ते कापड, पट्टे आवळत होते. कोणी कोणाला ओळखपत्र विचारत बसलं नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ट्रॉमा सर्जन, पोलीस आणि इतर यंत्रणांच्या लोकांनी एकत्र बसून हार्टफर्ड कन्सेन्सस नावाची भूमिका मांडली, रक्तस्राव थांबवणं हे पोलिसांचंही काम आहे आणि तिथे हजर असलेला सामान्य माणूस हा अडथळा नाही, मदत देणाऱ्यांच्या साखळीतला तो पहिला आहे. त्यातूनच पुढे २०१५ मध्ये लोकांना रक्त थांबवायला शिकवणारी 'स्टॉप द ब्लीड' मोहीम आली. फिलाडेल्फियात तर पोलीस गोळी लागलेल्याला ऍम्ब्युलन्सची वाट न बघता स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटलला नेतात, कित्येक वर्षं नेतायत.

आणि इंग्लंडमधलं मँचेस्टर. २२ मे २०१७, कॉन्सर्ट संपल्यावर बॉम्बस्फोट, २२ जण गेले. आत कितपत धोका आहे ही माहिती पोलीस, ऍम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेड यांच्यात नीट पोचलीच नाही, फायर ब्रिगेडला तर तिथे यायला दोन तासांहून जास्त लागले. आत जखमींजवळ कोण होतं? थोडे पोलीस, तिथले कर्मचारी आणि साधे लोक. स्ट्रेचर नाहीत म्हणून जाहिरातींचे बोर्ड आणि बॅरिकेडवरून माणसं उचलली. पायाला भयंकर जखमा झालेल्या एका तरुणाला एका अनोळखी माणसाने आपल्या बायकोचा कमरेचा पट्टा काढून आवळून धरला होता. २०२२ मध्ये चौकशीचा अहवाल आला त्यात म्हटलंय की तो तरुण वेळेत नीट उपचार मिळाले असते तर बहुधा वाचला असता. पट्टा आवळणाऱ्याने त्याचं काम केलं, साखळी पुढे तुटली. (तुम्ही म्हणाल बाई बॉम्बस्फोटापर्यंत पोचल्या. पण मांडीतली रक्तवाहिनी बॉम्बने फाटली काय आणि मडगार्डने फाटली काय, तिला दोन्हीत तेवढीच मिनिटं मिळतात.)

पुढचं लिहू की नको असा दोन दिवस विचार केला. पण जमिनीवर पडलेला माणूस कधीकधी तुमच्याच ताब्यात असतो, आणि तेव्हा आमच्यासारख्यांची गरज सगळ्यात जास्त असते. २५ मे २०२०, अमेरिकेतलं मिनियापोलिस, जॉर्ज फ्लॉइड, पोलिसांच्या ताब्यात गेलेला कृष्णवर्णीय माणूस. मानेवर एका पोलिसाचा गुडघा नऊ मिनिटं एकोणतीस सेकंद होता. फुटपाथवर अग्निशमन दलातली एक महिला कर्मचारी उभी होती, सुट्टीवर होती, तिला आपत्कालीन वैद्यकीय मदतीचं रीतसर प्रशिक्षण होतं, ती परत परत सांगत होती त्याची नाडी बघा, मला बघू द्या. तिला जवळ येऊ दिलं नाही. पुढे कोर्टात तिने हेच सांगितलं. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या संघराज्य न्यायालयातल्या ज्यूरीने बाकीच्या तिघा पोलिसांना, गुडघा ठेवणाऱ्याला नव्हे, सोबतच्या तिघांना, त्याला वैद्यकीय मदत न दिल्याबद्दल दोषी धरलं. त्यातल्या एकाचं त्या दिवशीचं काम काय होतं, तर लोकांना मागे ठेवणं. तेच, दोरी.

तेव्हा "बोलतोय म्हणजे श्वास घेतोय" हे वाक्य कृपा करून ट्रेनिंगमधून काढून टाका. बोलायला थोडी हवा पुरते, जगायला जास्त लागते. पालथं पाडून पाठीवर वजन दिलेला माणूस बोलता बोलताही गुदमरू शकतो, त्याचं धडपडणं हे दर वेळी विरोध करणं नसतं, हवेसाठी असू शकतं.

कायद्याचं म्हणाल तर तो माझ्यासारख्यांच्या बाजूने आहे असं सगळे सांगतात. भारतात २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४ए कलम आलं, अपघातात चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दावा किंवा खटला लागत नाही, नाव सांगायची सक्ती करता येत नाही. फार चांगलं आहे. पण ते कलम मला नंतर वाचवतं, त्या आठ मिनिटांत त्या बाईकवाल्याला नाही. फ्रान्समध्ये संकटात असलेल्याला मदत न करणं गुन्हा आहे. जर्मनीतही आहे, आणि जर्मनीने २०१७ मध्ये त्याच कलमात आणखी एक वाक्य घातलं की मदत करणाऱ्याला किंवा करू बघणाऱ्याला जो अडवेल त्यालाही तीच शिक्षा. ते मुख्यतः अपघात बघायला गाड्या थांबवून रस्ता अडवणाऱ्यांसाठी घातलं होतं. मला ते वाचून हवालदारांचीच आठवण झाली, त्याला मी काय करू.

तर माझं मागणं असं आहे. धोका नसेल तर जखमेवरचा हात, छातीवरचा हात, दुसरा हात तिथे येईपर्यंत काढायचा नाही, हा लेखी नियम करा. अपवाद हवे तर लिहा, पण नियम हा असू द्या. काढायला लावलात तर ज्या मिनिटाला काढायला लावलात त्या मिनिटापासून त्या माणसाची जबाबदारी तुमची, आणि का काढायला लावला ते आणि वेळ वहीत लिहायचं. तुम्ही बाकी सगळं लिहिताच की, चप्पल कुठे पडली होती तेही लिहिता.

प्रत्येक गस्तीच्या गाडीत ग्लोव्ज, गॉज, दाबपट्टी आणि टुर्निकेट (हातापायाचं रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा) असू द्या, आणि ते वापरायला शिकवा, दर वर्षी परत शिकवा. टुर्निकेट जखमेच्या दोनतीन इंच वर बांधायचं, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहायची, एवढं शिकायला एक दुपार पुरते. खरं तर हे झालं तर मला दोरीच्या आत थांबायची गरजच नाही, तुम्ही हात ठेवा, मी आनंदाने घरी जाते.

प्रथमोपचार देणाऱ्याला बाजूला करायच्या आधी चार गोष्टी विचारा : काय झालं, कधी झालं, तुम्ही काय केलंत, हा बोलला का. तीस सेकंदांचं काम आहे, आणि ते ऍम्ब्युलन्सवाल्याला जसंच्या तसं सांगा.

ताब्यातला माणूस पालथा असेल तर बेड्या घातल्या घातल्या कुशीवर करा किंवा बसवा. श्वास येत नाही म्हणाला आणि जवळ कोणी ट्रेनिंग घेतलेलं असेल तर त्याला नाडी बघू द्या. पाहिजे तर एकाने त्याच्यावर नजर ठेवा.

आणि आमचं काम झाल्यावर साबण, पाणी आणि "हात कापलेले असतील तर डॉक्टरला आजच दाखवा" हे एक वाक्य. आभार नकोत.

शेवटी, माझ्या तक्रारीचं उत्तर मला परत हवंय. या वेळीही दीड ओळीचं असलं तरी चालेल. फक्त त्यात योग्य ती कार्यवाही वगैरे न लिहिता, त्या आठ मिनिटांत त्या मुलाच्या जखमेवर कोणाचा हात होता, तेवढं लिहा.

आपली,
दोरीच्या बाहेर उभी केलेली बाई